आवडला, तरी पडला : ‘ब्लेड रनर २०४९’ आणि पस्तीस वर्षं थांबलेले चाहते

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात रात्रीच्या शोला मी ‘ब्लेड रनर २०४९’ पाहिला. सभागृह जेमतेम पाव भरलं होतं. माझ्या पुढच्या रांगेतली कॉलेजची चार मुलं मध्यंतरात उठली ती परत आलीच नाहीत. मागे मात्र पन्नाशीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. चित्रपट संपला, दिवे लागले, पडद्यावर नावं सरकत राहिली, तरी ते हलले नाहीत. जिन्यात गाठ पडली तेव्हा मी विचारलं, “कसा वाटला?” ते जरा थांबले आणि म्हणाले, “शेवटपर्यंत सांगितलं नाही हो त्यांनी. बरं केलं.”

काय सांगितलं नाही, हे विचारायची मला गरज नव्हती. हा चित्रपट ज्याच्या मनात वर्षानुवर्षं आहे, त्याला ते लगेच कळतं. उठून गेलेल्या त्या चार मुलांना या वाक्याचा अर्थ लागला नसता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मोठ्या प्रतीक्षेनंतर एखाद्या विज्ञानपटाचा दुसरा भाग येतो, तेव्हा ‘चाहत्यांना आवडला का?’ असं आपण सहज विचारतो. या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही, कारण ‘चाहते’ म्हणजे एक माणूस नव्हे आणि ‘आवडणं’ मोजायची पट्टीही एक नाही. ‘ब्लेड रनर २०४९’ हे याचं मला सर्वांत नीट समजलेलं उदाहरण. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पाहून बाहेर पडलेल्यांनी चांगले गुण दिले, आणि तरी तिकीटबारीवर पडला. असं कसं होतं ते पाहू. (पुढे दोन्ही चित्रपटांच्या कथा उघड होतात. पाहायचे असतील तर आधी पाहून या, लेख कुठे पळत नाही.)

मुळात पहिलाच पडला होता

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ अमेरिकेत २५ जून १९८२ला लागला. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीवर तो बेतलेला होता. डिक त्याच वर्षी मार्चमध्ये गेले, पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही. कथा २०१९च्या लॉस एंजेलिसमधली. सतत पाऊस, निऑनचे दिवे, गर्दी, धूर. माणसासारखेच दिसणारे, पण कारखान्यात घडवलेले जीव म्हणजे रेप्लिकंट. त्यांना पृथ्वीवर यायला बंदी. जे पळून येतात त्यांना हुडकून मारणारा पोलिस म्हणजे ब्लेड रनर. असाच एक रिक डेकार्ड, म्हणजे हॅरिसन फोर्ड.

दोनच आठवडे आधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ लागला होता. घरोघरची पोरं त्या प्रेमळ परग्रहवासीयाच्या मागे असताना हा काळोखा, संथ, उदास चित्रपट कोण पाहणार? जवळपास तीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाला अमेरिकेत तेवढाही गल्ला जमवता आला नाही.

प्रदर्शनाआधी डेन्व्हर आणि डॅलसमध्ये चाचणीचे खेळ झाले होते. लोक गोंधळले, काहींना शेवट पटला नाही. निर्मात्यांचा धीर सुटला. मग फोर्डच्या आवाजात निवेदन घालून सगळं समजावून सांगितलं गेलं, आणि शेवटी डेकार्ड आणि त्याची रेप्लिकंट प्रेयसी रेचल डोंगरातून मोटारीने निघून जातात असा सुखान्त जोडला. त्यातली डोंगरांची दृश्यं तर स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन न वापरलेल्या फितीतली होती. म्हणजे १९८२च्या प्रेक्षकाने पाहिला तो चित्रपट आधीच ठिगळ लावलेला होता.

पण याच काळात घरोघरी व्हिडिओ कॅसेट आली. कॅसेट थांबवता येते, मागे नेता येते. ‘ब्लेड रनर’च्या प्रत्येक चौकटीत इतकं भरलेलं आहे की एकदा पाहून हाती काहीच लागत नाही, तिसऱ्यांदा पाहताना दुकानाची पाटी दिसते, पाचव्यांदा डोळ्यातली चमक. चाहते इथे तयार झाले, एकेकटे, आपापल्या घरी. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात जुनी कच्ची प्रत दाखवली गेली आणि हा तर वेगळाच चित्रपट आहे, हे लोकांच्या ध्यानात आलं. त्या उत्सुकतेतून १९९२ची ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ आली. निवेदन गेलं, सुखान्त गेला. २००७मध्ये स्कॉट यांनी पूर्णपणे स्वतःच्या मनासारखी अंतिम आवृत्ती काढली. कच्ची-पक्की मिळून एकूण सात आवृत्त्या मोजल्या जातात. व्हँगेलिस यांच्या मूळ संगीताचा अधिकृत अल्बमही यायला १९९४ उजाडलं, तोवर चाहते चोरून केलेल्या प्रतींवर दिवस काढत होते.

या चाहत्यांनी ज्यावर जीव लावला, तो चित्रपट कधी एका जागी स्थिर नव्हताच.

एकशिंगी घोडा

आता त्या गृहस्थांच्या वाक्याकडे येतो.

१९९२च्या आवृत्तीत डेकार्ड पियानोपाशी बसलेला असताना त्याच्या डोळ्यांसमोर काही क्षण एक पांढरा एकशिंगी घोडा धावून जातो. पुढे चित्रपटाच्या अगदी शेवटी तो रेचलला घेऊन घराबाहेर पडतो, तेव्हा दारात चमकत्या कागदाची एक छोटी घडी पडलेली दिसते. गॅफ नावाच्या सहकाऱ्याने दुमडून ठेवलेला एकशिंगी घोडा.

गॅफला डेकार्डचं स्वप्न कसं ठाऊक? रेप्लिकंटांच्या डोक्यात आठवणी बाहेरून भरलेल्या असतात, हे आपल्याला तोवर कळलेलं असतं. मग डेकार्डचं स्वप्नही भरलेलंच असेल का? रेप्लिकंट मारणारा स्वतःच रेप्लिकंट?

गंमत अशी की १९८२च्या आवृत्तीत कागदी घोडा होता, पण स्वप्न नव्हतं. तिथे त्याचा अर्थ एवढाच निघतो की गॅफ येऊन गेला आणि त्याने रेचलला जिवंत सोडलं. काही सेकंदांचं एक दृश्य आत आलं आणि नायकाची जातच बदलली. यावर स्कॉट म्हणत आले की तो रेप्लिकंट आहे, फोर्ड वर्षानुवर्षं म्हणत होते की माणूस. दिग्दर्शकाचं आणि नायकाचंच एकमत नव्हतं, मग चाहत्यांचं कुठून होणार?

हा वाद कुणाला मिटवायचा नव्हता. मी स्वतः विशीत ठामपणे ‘रेप्लिकंट’ म्हणायचो. आता ‘माणूस’ म्हणतो, कारण माणूसच जास्त निर्दयी आणि यंत्र जास्त हळवं निघतं, यात मला चित्रपटाचा खरा घाव दिसतो. वय वाढतं तसं उत्तर बदलतं, म्हणून पुन्हा पाहावासा वाटतो.

दुसरा भाग येणार हे कळल्यावर चाहत्यांच्या पोटात गोळा का आला, ते यावरून कळेल. जुन्या वाड्यात एक खोली कायम कुलूपबंद असते. घरातल्या पोरांनी तिच्याविषयी हजार गोष्टी रचलेल्या असतात. एक दिवस कुणी किल्ली घेऊन येतो. आत काहीही निघो, त्या हजार गोष्टी मरतात. कथा पुढे न्यायची म्हणजे काही दारं बंद करावीच लागतात, आणि इथे तर उघड्या दारावरच सगळ्यांचं प्रेम होतं.

कुलूप तसंच राहिलं

डेनी व्हिलनव्ह यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग ऑक्टोबर २०१७मध्ये आला. पहिल्या भागाच्या लेखकांपैकी हॅम्प्टन फँचर याही वेळी होते, सोबत मायकल ग्रीन. कथा तीस वर्षांनी पुढे गेलेली. नायक के, म्हणजे रायन गॉसलिंग, हा स्वतः रेप्लिकंट आहे आणि ते आपल्याला सुरुवातीलाच कळतं. त्याला एका झाडाखाली पुरलेला सांगाडा सापडतो. एका रेप्लिकंट स्त्रीने मूल जन्माला घातलं होतं, जे अशक्य मानलं जात होतं. ती स्त्री रेचल. बाप डेकार्ड.

इथली लेखकांची हुशारी मला फार आवडते. चमत्कार आईच्या बाजूने आहे. बाप माणूस असो वा रेप्लिकंट, गोष्ट दोन्हीकडे तितकीच उभी राहते. सात आवृत्त्यांपैकी तुमच्या मनात कुठलीही असो, पुढचा भाग तिलाही लागू पडतो. खलनायक वॉलेस तर डेकार्डच्या तोंडावर तो प्रश्न काढतो, तुमचं प्रेम कुणी घडवून आणलेलं तर नसेल, असं डिवचतो, आणि उत्तर न देता सोडून देतो. लास व्हेगसच्या ओसाड हॉटेलात डेकार्डसोबत एक कुत्रा असतो. तो खरा आहे का, असं के विचारतो. डेकार्ड म्हणतो, त्यालाच विचार. ज्याने हा वाद जन्मभर घातला आहे, त्याला डेकार्डविषयीचं उत्तरही तिथे मिळून जातं. पुण्याच्या त्या गृहस्थांना मिळालं होतं.

चाहत्यांची मूळ प्रतिक्रिया होती सुटकेची. ‘मोडलं नाही’ ही भावना ‘आवडलं’च्या आधी येते.

डोळ्यांचा रंग

चाहता प्रतिक्रिया देतो म्हणजे नेमकं काय करतो, हे एका प्रसंगात दिसतं. वॉलेस डेकार्डला फितवण्यासाठी रेचलची हुबेहूब प्रत समोर उभी करतो. शॉन यंग यांचा १९८२मधला चेहरा संगणकावर पुन्हा घडवून हे दृश्य केलं होतं. डेकार्ड तिच्याकडे पाहतो, त्याचा चेहरा मोडतो, आणि मग तो वळून सांगतो की तिचे डोळे हिरवे होते. प्रत नाकारली जाते. पुढच्याच क्षणी तिला गोळी घातली जाते.

पण शॉन यंग यांचे डोळे तपकिरी आहेत! मग सुरू झाली चर्चा. कुणी म्हणालं, लेखकांची ढोबळ चूक. कुणी जुना चित्रपट काढून दाखवलं की रेचल रेप्लिकंट आहे का याची चाचणी होते तेव्हा यंत्राच्या पडद्यावर दिसणारा मोठा डोळा हिरवट आहे, म्हणजे ही मूळ चित्रपटातल्या विसंगतीला दिलेली दाद आहे. तिसऱ्यांचं म्हणणं, डेकार्ड खोटं बोलतोय. प्रत अचूक होती. पण वॉलेसला ते समाधान मिळू द्यायचं नाही, म्हणून तो दोष काढतो.

मला तिसरं पटतं, फोर्डचा चेहरा पाहून पटतं. कोण बरोबर हा भाग वेगळा. एका ओळीवरून लोक पस्तीस वर्षं जुनी फीत पुन्हा तपासतात, हे प्रेमाचं काम आहे. कुठल्याही टक्केवारीत ते मोजलं जात नाही.

मग मोजतात काय?

बातम्यांत तीन आकडे फिरतात, आणि ते तीन वेगळ्या दारांवर उभं राहून मोजलेले असतात.

पहिलं दार थिएटरचं. सिनेमास्कोर ही अमेरिकी संस्था पहिल्या रात्री प्रेक्षकांना कार्डं देते आणि श्रेणी विचारते. ‘२०४९’ला ‘ए मायनस’ मिळाली. हे चांगलंच आहे, त्याच्या तीन आठवडे आधी आलेल्या ‘मदर!’ या चित्रपटाला ‘एफ’ मिळाली होती. पण पहिल्या शुक्रवारी जातो कोण? ज्याला जायचंच होतं तो. अमेरिकेत सुरुवातीच्या प्रेक्षकांत सुमारे सत्तर टक्के पुरुष होते, आणि बहुतेक पंचविशी ओलांडलेले. वारीत चालणाऱ्याला ‘पायी चालायला आवडतं का’ असं विचारण्यासारखं आहे ते. उत्तर खोटं नसतं, पण घरी बसलेल्याविषयी काही सांगत नाही.

दुसरं दार समीक्षकांचं. रॉटन टोमॅटोज या समीक्षा एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर ‘२०४९’ला सुमारे ८८ टक्के आहेत. अनेकांना वाटतं हे शंभरपैकी गुण आहेत. तसं नाही. हा पास-नापासचा निकाल आहे. शंभर समीक्षकांपैकी ८८ जणांना तो चांगल्या बाजूचा वाटला, एवढाच अर्थ. पस्तीस मार्कांनी काठावर पास झालेला आणि पंच्याण्णव मिळवलेला, दोघंही इथे सारखेच.

तिसरं दार तिकीटबारी. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत साडेचार-पाच कोटी डॉलरांची अपेक्षा होती, आले सुमारे ३.३ कोटी. जगभरात मिळून आकडा २६ ते २८ कोटींच्या घरात थांबला. ऐकायला भरपूर वाटतं. पण निर्मितीखर्चच १५ ते १८.५ कोटी सांगितला जात होता, जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो. म्हणून खर्चाच्या दीडपट गल्ला होऊनही चित्रपट तोट्यात जातो. या दारावर जे आले नाहीत त्यांचीही प्रतिक्रिया नोंदली जाते, न येण्याच्या रूपाने.

ते का आले नाहीत? लांबी १६३ मिनिटं. स्कॉट स्वतः नंतर म्हणाले की आपण अर्धा तास कापला असता. (मी एक मिनिटही कापलं नसतं.) पण मला त्याहून मोठं कारण गुप्ततेत दिसतं. चाहत्यांचा आनंद बिघडू नये म्हणून कथेतलं काहीच फोडायचं नाही, असं ठरलं होतं. के रेप्लिकंट आहे, एवढंही लिहू नका, असं समीक्षकांना सांगितलं गेलं, जरी ते चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. जाहिरातीत फोर्ड ठळक, प्रत्यक्षात तो दीड तास उलटून गेल्यावर दिसतो. ज्याला पहिला भाग माहीत आहे त्याला ही गुप्तता म्हणजे मान राखणं वाटलं. ज्याला माहीत नाही त्याला हा चित्रपट कशाविषयी आहे तेच कळलं नाही. चाहत्याला जपण्याच्या नादात नवख्याला हाक मारायची राहून गेली.

दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१७मध्ये, उलटा प्रकार घडला. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द लास्ट जेडाय’ आला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे २२ कोटी डॉलर, थिएटरबाहेरच्या कार्डांवर ‘ए’, समीक्षकही खूश. पण रॉटन टोमॅटोजवरचा प्रेक्षकांचा कौल निम्म्याच्याही खाली. तिथे तेव्हा तिकीट काढल्याचा पुरावा लागत नव्हता. रागावलेला एक गट जोर लावू शकत होता आणि खरोखर दुखावलेला चाहताही त्याच ढिगात मिसळत होता. २०१९मध्ये त्या संकेतस्थळाने प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-टिपा बंद केल्या आणि तिकीट घेतलेल्यांचा कौल वेगळा दाखवायला सुरुवात केली. म्हणून टक्केवारी पाहिली की आधी विचारावं, हे कुठल्या दारावर मोजलंय?

जे खटकलं

चाहते म्हणजे टाळ्या वाजवणारे, असं नाही. मूळ चित्रपटाचं काळीज व्हँगेलिस यांच्या सुरांत होतं. नव्यासाठी आधी योहान योहानसन होते, मग हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश आले. काहींना नवं संगीत नुसतं गडगडाटी वाटलं. शेवटी मात्र के बर्फात पायऱ्यांवर आडवा होतो आणि १९८२च्या चित्रपटात एक रेप्लिकंट पावसात मरतो त्या प्रसंगाची धून हलकेच येते, तेव्हा बहुतेकांची तक्रार विरघळते. माझीही विरघळली.

स्त्रियांच्या चित्रणावरची टीका मात्र विरघळणारी नाही. केची सोबतीण जॉय ही विकत मिळणारी प्रकाशप्रतिमा (होलोग्राम) आहे. वॉलेस नुकत्याच जन्मलेल्या रेप्लिकंट स्त्रीच्या पोटावर पातं चालवतो. चित्रपटाची बाजू घेणारे सांगतात की हे त्या जगाचं क्रौर्य आहे, आणि पुरावा म्हणून जॉयची ती इमारतीएवढी गुलाबी जाहिरात दाखवतात, जी केला अगदी त्याच लाडक्या नावाने हाक मारते. आपलं प्रेम दुकानात सगळ्यांनाच मिळतं, हे त्याला तिथे कळतं. प्रसंग जबरदस्त आहे. पण त्यात दुखतं ते केला. जॉयला स्वतःला काय हवं होतं, हे चित्रपट पुरेसं विचारत नाही. प्रेम असलेल्या गोष्टीतली उणीव मान्य करायला चाहत्याने कचरू नये असं मला वाटतं, आणि अनेक स्त्री-चाहत्यांनी हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट मांडलं होतं.

उसनी आठवण

केच्या मनात एक आठवण असते. अनाथालयातली मोठी मुलं मागे लागलेली, हातात लाकडी घोडा, तो भट्टीत लपवणं. ती खरी आहे असं कळल्यावर त्याला वाटतं, जन्मलेलं ते मूल मीच. आपणही तसंच धरून चालतो, कारण असल्या गोष्टींत नायक तो निवडलेला एक असतोच. मग कळतं, आठवण खरी आहे, पण त्याची नाही. ती डेकार्डच्या मुलीची. तरीही के उठतो आणि बाप-लेकीची भेट घडवून आणतो.

मला हे चाहत्यांच्या फार जवळचं वाटतं. आज ‘ब्लेड रनर’वर जीव टाकणाऱ्यांतले कितीतरी जण १९८२मध्ये जन्मलेलेही नव्हते. मीही त्यांच्यातलाच. तो पाऊस, ते निऑन, ती हुरहुर आम्हाला कॅसेटमधून, केबलवरून, कुणा थोरल्या भावाच्या बोलण्यातून मिळाली.

‘२०४९’ पडला खरा, पण मार्च २०१८मध्ये त्याला दोन ऑस्कर मिळाली, दृश्य-परिणामांसाठी आणि छायाचित्रणासाठी. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांचं ते चौदावं नामांकन आणि पहिला विजय. त्यानंतर जे झालं ते जुन्या कहाणीसारखंच. थिएटरात न आलेली मुलं मोबाइलवर आली. एकट्या पडलेल्या, नाव नसलेल्या केमध्ये विशीतल्या कितीतरी जणांनी स्वतःला पाहिलं, त्याच्या चेहऱ्याची चित्रं एकमेकांना पाठवली. माझा भाचा त्यांपैकीच. त्याने दुसरा भाग आधी पाहिला, मग मला फोन केला, “मामा, पहिल्याच्या एवढ्या आवृत्त्या आहेत, बघू कुठली?”

मी सांगितलं ते इथेही सांगतो. २००७ची अंतिम आवृत्ती आधी बघ, दिवे मालवून, एका बैठकीत. दोन चित्रपटांमधल्या वर्षांत काय घडलं यावर तीन लघुपट केलेले आहेत, त्यातला शिनिचिरो वातानाबे यांचा २०२२ सालच्या अंधाराविषयीचा ॲनिमेशनपट चुकवू नकोस. मग ‘२०४९’ पुन्हा, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. निवेदनवाली १९८२ची प्रत सर्वांत शेवटी, लोकांनी तेव्हा नेमकं काय नाकारलं होतं ते कळण्यापुरती.

आठवड्याने त्याचा पुन्हा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, “मामा, तो घोडा... म्हणजे डेकार्ड पण?”

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आम्ही दीडपर्यंत बोलत होतो.